घराच्या भेगा आणि सिलिकॉनची गन



गळिताचा हंगाम आटोपला आणि उसाचे बिल हातात पडले (ते केव्हा पडते, हा विषय आज नको), की आपल्या भागात दोन कामे निघतात. एक लग्नकार्य आणि दुसरे घराची डागडुजी. लग्नाला सल्ला देणारे पुष्कळ असतात. डागडुजीला मात्र जो तो आपल्या अकलेने करतो आणि पावसाळ्यात पस्तावतो. मीही त्यातलाच एक, म्हणून हा लेख.

आमचे घर वैरागच्या शिवारातल्या बहुतेक घरांसारखे आहे. मागे आजोबांच्या वेळचे माळवद, तुळया-खांब, वर किलच आणि पांढरी. पुढे नंतर बांधलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या आणि बाजूला बैलांसाठी म्हणून घातलेले, आता मोटारसायकल आणि पोती ठेवायचे पत्र्याचे शेड. जुने आणि नवे जिथे भेटते तिथे भेग पडणारच. आमच्याकडेही पडली, वरून खाली, सरळ.

सन २०२० च्या उन्हाळ्यात मी हार्डवेअरच्या दुकानातून सगळ्यांत स्वस्त सिलिकॉन गन आणि दोन नळ्या आणल्या. दुकानदाराने जे दिले ते घेतले, नळीवर काय छापले आहे ते वाचलेही नाही. गनचा दांडा दोन दाबांत एकदा घसरायचा. मसाला कुठे जाड बसला, कुठे नुसताच पुसला गेला. वरून दिसायला मात्र पांढरीशुभ्र रेघ! आमच्या सौ. म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं." मीही तेच समजलो.

मग आला ऑक्टोबर. १४ ऑक्टोबर २०२० चा तो पाऊस आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. चित्रा नक्षत्रात सोलापूर जिल्हाभर आभाळ फाटले. पंढरपूरला कुंभार घाटाची भिंत कोसळून माणसे दगावली. आमच्याकडे माणसाला धक्का लागला नाही, देवाची कृपा. पण ती पांढरी रेघ भिंतीपासून सालीसारखी सुटली आणि पाणी आतल्या बाजूने थेट शाळूच्या पोत्यांवर उतरले. चार दिवसांनी हात घातला तर खालची पोती गरम लागत होती. वर्षाची भाकरी काळी पडली.

नंतर गवंडी मिस्त्रीला दाखवले. त्याने गन हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाला, "अण्णा, ही गन न्हवं, खेळणं हाय. आन् मसाला बी चुकीचा भरलाय. आन् भेग का पडली ते इचारलंच न्हाई तुमी." या तीन वाक्यांत सगळा धडा आला. त्याच क्रमाने सांगतो.

गन म्हणजे काय?

नाव बंदुकीचे असले तरी काम सोऱ्याचे आहे. दिवाळीत चकलीचा सोऱ्या आपण पाहतोच. नळीत पीठ, मागून दट्ट्या, पुढे ताटली. इथे पिठाच्या जागी भेग भरायचा मसाला असतो. तो साधारण २८० ते ३०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या नळीत भरून मिळतो. नळीचे बूड मोकळे असते, त्याला आतून एक सरकती चकती असते. गनचा दांडा त्या चकतीला पुढे रेटतो आणि टोपीच्या चोचीतून मसाला बाहेर येतो. ट्रॅक्टरला ग्रीस मारणाऱ्याला हे वेगळे शिकवायला नको. फरक एवढाच की ग्रीस थोडे जास्त गेले तर बिघडत नाही. इथे मात्र धार एकसारखी पडली पाहिजे. एकसारख्या धारेसाठीच चांगली गन लागते.

दुकानात "सिलिकॉन गन" किंवा "सीलंट गन" म्हणून मागावी. ६०० मिलिलिटरची सॉसेजसारखी मऊ पिशवी भरायची बंद नळकांड्याची गनही मिळते. ती ठेकेदारांची. घरकामाला तिची गरज नाही. बॅटरीवर चालणाऱ्या गनही निघाल्या आहेत. वर्षातून दोन-चार नळ्या भरणाऱ्याने तो खर्च करू नये.

गन घेताना पाहायच्या गोष्टी

(१) सांगाडा. नळी ठेवायची जागा दोन प्रकारची असते, नुसत्या दोन सळयांची किंवा अर्ध्या पन्हाळीसारखी पत्र्याची. दोन्ही चालतात. पण पत्रा पातळ असला तर जोर देताच पुढचे तोंड वाकडे होते आणि नळी तिरपी बसते. दोन्ही हातांनी धरून गन हलकेच पिळून बघा. कापड पिळल्यासारखी ती फिरली तर परत ठेवा.

(२) दांडा. एक दात्यांचा दांडा असतो. तो टक्-टक् करत पुढे जातो आणि प्रत्येक टकीला मसाल्याचा गोळा बाहेर टाकतो, म्हणून रेघ गाठीगाठीची होते. दुसरा गुळगुळीत, गोल किंवा षट्कोनी दांडा. त्यात दात नसतात. एक लोखंडी पट्टी तिरकी होऊन दांड्याला पकडते आणि पुढे नेते. धार सलग पडते. घरकामाला गुळगुळीत दांड्याचीच गन घ्यावी. पण पकडपट्टी हलकी असली तर ती घसरते. माझ्या गनचे तेच दुखणे होते.

घसरते की नाही हे दुकानातच कळते. नळीच्या जागेत लाकडाचा ठोकळा बसवा आणि खटका दाबा. चकती ठोकळ्याला टेकल्यावर खटका कडक व्हायला हवा आणि दांडा जागच्या जागी राहायला हवा. 'खस्' करून दांडा मागे आला तर ती गन फुकट दिली तरी घेऊ नका. दुकानदार तोंड वाकडे करील, करू द्या. बैल घेताना आपण दात बघतोच की.

(३) बळ. ही गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. चांगल्या गनवर किंवा तिच्या खोक्यावर १०:१, १२:१, १८:१, २६:१ असे आकडे असतात. १०:१ म्हणजे खटक्यावर तुमच्या बोटांचा दहा किलो जोर पडला, तर दांडा सुमारे शंभर किलोच्या जोराने रेटतो. थोडा घर्षणात जातो, तो सोडा. १८:१ मध्ये तोच जोर एकशे ऐंशी होतो. पहारीसारखाच हिशोब आहे, जोर वाढला की अंतर कमी होते. म्हणून जास्त बळाच्या गनला खटका जास्त वेळा दाबावा लागतो.

मग घ्यावी कोणती? ॲक्रिलिक आणि साधे सिलिकॉन मऊ असते. त्याला १०:१ किंवा १२:१ पुरते. पॉलियुरेथेन, ज्याला दुकानात पी.यू. म्हणतात, ते घट्ट काकवीसारखे असते. त्याला १८:१ च्या आसपासची हवी. कमी बळाच्या गनने पी.यू. भरायला गेलात तर हाताला वळ येतात आणि शेवटी दांडाच वाकतो. ज्याला घरात दोन्ही कामे आहेत त्याने १८:१ ची एकच घ्यावी. मऊ मसाल्याला ती हळू दाबली की झाले.

(४) गळ. खटका सोडल्यावरही मसाला चोचीतून येतच राहतो, कारण आत दाब साठलेला असतो. साध्या गनला मागे अंगठ्याची पट्टी असते, ती दाबली की दाब सुटतो. काही गनमध्ये खटका सोडताच दांडा आपोआप किंचित मागे येतो. दुकानदार तिला 'न ठिबकणारी' म्हणतात. नव्या हाताला ती सोयीची. पैसे थोडे जास्त पडतात, पण फुकट जाणारा मसाला वाचतो.

(५) बारीकसारीक. मुठीजवळ चोच कापायचे पाते आणि पुढे नळीच्या आतला पडदा फोडायची तार असली तर बरे. तार नसेल तर लांब खिळ्याने काम भागते. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. मूठ मात्र आपल्या हाताच्या मापाची हवी. घरात हे काम सौ. किंवा सूनबाई करणार असतील तर त्यांच्या हातात देऊन बघा. खटका लांब असला तर लहान हात पोचत नाही.

स्वस्त आणि चांगल्या गनच्या किमतीत दुप्पट-तिप्पट फरक दिसेल. पण चांगली गन पुसून ठेवली तर वर्षानुवर्षे जाते. माझी वाया गेलेली पोती धरली, तर ती स्वस्त गन मला फार महाग पडली.

मसाला कोणता, कुठे?

आपल्या वाडवडिलांचा मसाला घरचाच होता. घाणीवर मळलेला चुना, त्यात हिरडा, बेलफळ आणि गुळाचे पाणी. म्हणजे उसाचा आणि घराच्या गळतीचा संबंध आजचा नाही! हल्लीचे मसाले रसायनांचे आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे.

ॲक्रिलिक: आतल्या भिंतीच्या बारीक भेगा, चौकट आणि गिलावा यांच्यातली फट. यावर रंग बसतो, हात पाण्याने धुता येतो. वाळताना आक्रसते, म्हणून दुसरा हात द्यावा लागतो. पाणी साचेल तिथे वापरू नये.

सिलिकॉन: यात दोन जाती आहेत आणि माझी चूक इथेच झाली. एकाला व्हिनेगरसारखा, म्हणजे आंबट वास येतो. ते काच आणि फरशीच्या टाइलला चांगले. पण सिमेंट आणि चुन्यावर त्याची पकड धड बसत नाही, संगमरवरावर डाग पडतात आणि जस्ताच्या पत्र्याला ते खाते. दुसरे 'न्यूट्रल'. त्याला तो आंबट वास नसतो. पत्रा, ॲल्युमिनियमची खिडकी यांना हेच मागावे. सिलिकॉन कोणतेही असो, त्यावर रंग बसत नाही.

पी.यू.: जुने बांधकाम आणि नवे बांधकाम यांचा सांधा, बाहेरच्या भिंतीची हलणारी भेग. हे चिवट असते, ताणले तरी सिमेंटला धरून राहते. उन्हाने वरून खराब होऊ नये म्हणून रंगाचा हात द्यावा.

नळी घेताना तारीख वाचा. बहुतेक नळ्या वर्षभराच्या असतात, आणि आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या फळीवर ठेवलेली नळी त्याच्याही आधी जाते. बुडाची चकती अंगठ्याने दाबून पाहा. आत दगड लागला तर परत करा. घरी आणल्यावरही नळी सावलीत, गार जागी ठेवावी. ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवू नये.

भरायची रीत

भेग आधी साफ करा. सुटा गिलावा पटाशीने काढा, धूळ ब्रशने झाडा, जागा कोरडी होऊ द्या. नव्वद टक्के काम इथेच होते आणि आपण नेमका इथेच कंटाळा करतो. भेग खोल असेल तर आत फोमची दोरी दाबून बसवा. मसाला तळापर्यंत भरण्यात फायदा नाही. भेग सांधताना त्याने दोन बाजूंना धरावे, तळाला चिकटू नये, तरच तो ताणला जातो. एक सें.मी. रुंद सांध्यात मसाल्याची खोली अर्धा सें.मी. पुरे.

चोच तिरपी कापा, भोक भेगेपेक्षा थोडे लहानच ठेवा. लहान कापलेले मोठे करता येते, मोठे लहान करता येत नाही. गन तिरपी धरून एका चालीने ओढत न्या. शेवट आला की आधी अंगठ्याची पट्टी दाबा, मग गन उचला. पाच-दहा मिनिटांच्या आत ओल्या बोटाने किंवा चमच्याच्या पाठीने रेघ दाबून घ्या. वरची साय लवकर धरते, पण सिलिकॉन आतून दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच वाळते. तेव्हा आभाळ भरून आलेल्या दिवशी हे काम काढू नये.

किती नळ्या लागतील? २८० मिलिलिटरच्या नळीतून ५ मि.मी. रुंद आणि तितकीच खोल रेघ सुमारे ११ मीटर जाते. एक सें.मी. रुंद, एक सें.मी. खोल भरली तर पावणेतीन मीटरच. चार फूट बाय तीन फुटांच्या खिडकीचा घेर १४ फूट, म्हणजे सव्वाचार मीटर. बारीक रेघेने एका नळीत दोन खिडक्या होऊन थोडे उरते. उरलेल्या नळीच्या चोचीत मोठा स्क्रू घालून वरून चिकटपट्टी गुंडाळा, काही आठवडे टिकते.

कुठे भरू नये?

मिस्त्रीचे तिसरे वाक्य आठवा: भेग का पडली?

आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. शेतात ज्या भेगा पडतात त्याच जमिनीवर आपले घर उभे आहे. पाया उथळ असला की भिंत वर्षातून एकदा श्वास घेतल्यासारखी हलते. अशी भेग जिवंत आहे की मेलेली, हे आधी पाहावे. काचेची एक पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोके प्लॅस्टरने पक्की करा आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहा. काच तडकली तर भेग जिवंत आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काच टिकली तर खुशाल भरा. जिवंत पण बारीक असेल तर लवचीक मसालाच भरा, आणि पायाजवळ न्हाणीचे, टाकीचे पाणी मुरू देऊ नका. माझ्या घरी खरे कारण तेच निघाले. न्हाणीचा पाइप फुटून पाणी दोन वर्षे पायात मुरत होते. पाइप बदलला, बाहेरून उतार काढला, सांध्यात फोमची दोरी घालून पी.यू. भरले. तिथून आजवर थेंब आला नाही.

पण भेग पाच मिलिमीटरहून रुंद असेल, पायऱ्यांसारखी तिरपी चढत असेल, भिंतीला पोट आले असेल, किंवा तुळईचे टोक भिंतीतून सरकलेले दिसत असेल, तर गन खाली ठेवा आणि इंजिनिअरला बोलवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडचीही भांडी वाजली होती. तिकडे हजारो माणसे गेली ती बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याखाली. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते, ते सुटले. अशा भिंतीवर वरून मसाल्याची रेघ ओढणे म्हणजे दुखणे झाकणे. झाकलेल्या भेगेकडे कोणी बघत नाही, हा सर्वांत मोठा धोका.

आणखी काही जागा सोडाव्यात. ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरून बारीक खाचा असतात. त्या पाणी बाहेर जाण्यासाठीच आहेत. त्या बुजवल्या की पाणी घरात येते. स्वयंपाकघरात गॅससाठी ठेवलेली हवेची जाळी बंद करू नये. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला आतून साधे सिलिकॉन लावू नये. माळवदावरच्या पांढरीला तर गन चालतच नाही. तिथे मृगाआधी पांढरी टाकणे, पन्हळ मोकळे करणे आणि साण्याभोवतीचा बांध नीट करणे हीच जुनी रीत आजही खरी.

उलट काही ठिकाणी अवश्य भरावे. पाइप भिंतीतून आत येतो तिथली फट, चौकटीच्या खालचा कोपरा, कोठीच्या खोलीचे सांधे. उंदीर, विंचू आणि मुंग्यांची वाट इथूनच असते. वस्तीवर राहणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. वायरच्या जवळ काम करताना मेन स्विच बंद करण्यास विसरू नये.

शेवटी एकच विनंती. मृग लागायच्या आत एका सकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून घराला एक फेरी मारावी. हातात पेन्सिल घ्यावी आणि प्रत्येक भेगेजवळ तारीख घालावी. कोणती भरायची, कोणती राखायची, कोणती इंजिनिअरला दाखवायची, हे आधी ठरवावे आणि मग दुकानात जावे. ठोकळा बसवून बघितल्याशिवाय गन घेऊ नये. वर्षभर राबून पिकवलेला शाळू चार थेंबांनी काळा पडताना बघणे फार वाईट असते. मी बघितले आहे, तुमच्यावर ती वेळ येऊ नये.